रोसिओ राहायला येते आहे

१९ मार्च, सोमवार

जावयाचा, देर्लिसचा फोन आला. तीन मेच्या क्रूसाच्या सणाला येतोय म्हणाला, रोसिओला घेऊन. तीन वर्षांनी.

एवढं एक वाक्य कुठेतरी लिहून ठेवावंसं वाटलं म्हणून ही वही काढली. दवाखान्यातून निवृत्त झाले तेव्हा अशा सात कोऱ्या वह्या मी पिशवीत घालून घरी आणल्या. चोरी म्हणायची तर म्हणा. पस्तीस वर्षं गावातली बाळंतपणं केली आणि सरकारने बसायला एक धड खुर्ची दिली नाही, तेव्हा वह्या माझ्याच.

फोन निकानोरने घेतला होता. मोबाईल त्याच्याकडेच असतो, मला ती बटणं दिसत नाहीत. आंब्याखालून ओरडत आला, "सेफे, पोरगी येतेय." साखर कारखान्यात चाळीस वर्षं बॉयलरपाशी काढल्यामुळे हा माणूस हळू बोलायला विसरलाय. पलीकडच्या गल्लीतल्या लोकांनासुद्धा आमच्याकडे कोण येतंय ते कळलं असेल. नंतर दिवसभर शीळ घालत होता. त्याला एकच गाणं येतं, आणि तेही अर्धं.

रोसिओ आता सात वर्षांची. शेवटची पाहिली तेव्हा चारची होती. सुनिल्दा आजारी होऊन सीमेपलीकडच्या ब्वेनोस आयरेसहून आमच्याकडे आली तेव्हा तिलाही घेऊन आली होती. तीन महिने मी एका खोलीत लेकीचं सगळं करत होते आणि दुसऱ्या खोलीत नातीला गोष्टी सांगत होते. सुनिल्दा गेली. नऊ दिवसांच्या प्रार्थना संपल्या, आणि दहाव्या दिवशी देर्लिस पोरीला घेऊन बसमध्ये बसला. तिथे त्याची नोकरी होती, बरोबरच होतं त्याचं. पण मी तेव्हा भांडायला हवं होतं. माझा सगळा वेळ रडण्यात गेला.

२४ मार्च, शनिवार

चुना आणला. निकानोर म्हणतो पुढची भिंत पुरे. मी म्हटलं, चारही भिंती, आणि संडाससुद्धा.

"राष्ट्राध्यक्ष येतायत का?"

"त्यांच्यासाठी मी झाडूसुद्धा मारला नसता."

शिडीवर तो, खाली बादली धरून मी. एकशे चाळीस वर्षांची जोडी, दोघांची वयं मिळवून. शेजारची ब्रिहिदाबाई कुंपणापाशी थंडगार तेरेरे चहाचा पेला घेऊन उभी राहून सूचना देत होती. तिच्याकडे तीन नाती आहेत. तिची लेक स्पेनमध्ये एका म्हातारीला सांभाळते, चौथं वर्ष चालू आहे. आमच्या गल्लीत सगळ्यांचंच असं आहे. बाया स्पेनला नाहीतर ब्वेनोस आयरेसला जातात आणि पोरं आजीकडे ठेवतात. आईवडील फोनमध्ये राहतात. कुणाला त्यात काही वेगळं वाटत नाही.

ब्रिहिदाची मधली नात, निमिया, रोज दुपारच्या बसच्या वेळी फाटकाशी येऊन उभी राहते. बस गेली की आत जाते. काय सवय लागते एकेका पोराला.

२ एप्रिल, सोमवार

बाजारात देर्लिसची मावशी भेटली. म्हणाली, देर्लिस स्पेनला चाललाय, जूनमध्ये, बांधकामावर काम मिळालंय.

मी टोमॅटो तिथेच टाकून घरी आले. वाटेत पाय जमिनीला लागत नव्हते. स्पेनला चाललाय, आणि त्याआधी पोरीला घेऊन आमच्याकडे येतोय. यात न समजण्यासारखं काय आहे? ब्रिहिदाला सांगितलं तर ती म्हणाली, "मग काय, आता तुझी पाळी. उवांचं औषध आणून ठेव."

फोनवर तो स्पष्ट बोलला नाही, लाजला असेल. तीन वर्षं पोरगी दाखवली नाही आणि आता सांभाळा म्हणायचं, तर जीभ अडखळणारच. मी काही बोलणार नाही. एक शब्द ऐकवणार नाही त्याला.

खरं लिहायचं तर मला आनंद झालाय, आणि त्या आनंदाची लाजही वाटतेय. पोरीचा बाप तिच्यापासून दूर जाणार आणि मी पेरूचा मुरंबा कितीचा करावा याचा विचार करतेय. पण माझी लेक गेली. तिचं काहीतरी मला मिळायला नको का?

१० एप्रिल, मंगळवार

आज मीच फोन लावायला सांगितला. पलीकडून एक बाई बोलली. "देर्लिस अंघोळीला गेलाय, थांबा." घरमालकीण असावी. आवाजावरून तरुण वाटली.

मग देर्लिस आला. इकडचं तिकडचं झालं. मग म्हणाला, "आई, एक काम होतं. सुनिल्दाच्या मृत्यूचा दाखला लागेल. नवा, राजधानीचे सगळे शिक्के असलेला. रोसिओसाठी हवाय."

मला माहीतच होतं. आमची शाळासुद्धा आई नसलेल्या पोराकडे हा कागद मागतेच. मी म्हटलं, "शाळेसाठी ना? काळजी करू नकोस, मी आणते."

 मग म्हणाला, "शाळेलाही लागेलच. आई, आल्यावर नीट बोलू. बाबांना द्या ना जरा."

निकानोर फोन घेऊन आंब्याखाली गेला तो अर्ध्या तासाने आला. जेवला नाही. पोट बिघडलंय म्हणाला. काल ब्रिहिदाकडे डुकराच्या चरबीतले वडे हाणले होते, होणारच. मी पाला उकळून दिला. निमूटपणे प्यायला, एरवी शंभर नखरे करतो.

१४ एप्रिल, शनिवार

शाळेत जाऊन आले. मुख्याध्यापिकेची दोन्ही मुलं माझ्या हातांवर जन्मलीत, धाकट्याच्या वेळी तर तिने माझा दंड चावला होता. तेव्हा ती मला नाही म्हणेल कशी? वर्ष सुरू होऊन दोन महिने झालेत, पण दुसरीत जागा देते म्हणाली. वहीत नाव लिहिलं. रोसिओ, आईचं नाव सुनिल्दा, पालक म्हणून माझं. खाली सही केली.

पांढरं कापड आणलं, शाळेचा झगा बेतायला घेतला.

निकानोर म्हणाला, "माप कुठाय तुझ्याकडे?"

"निमियाचं घेतलं. एकाच वयाच्या आहेत."

"आधी येऊ तर दे पोरीला, सेफे. मग शिव."

"तुला नकोय का ती?"

"असं कोण म्हणालं?"

"मग तोंड का पाडून बसलायस? आठवडा झाला बघतेय मी."

तो उठून चालायला लागला. आणि मी त्याच्या पाठीमागून बोलू नये ते बोलले. म्हटलं, "सुनिल्दा तिकडे निघाली तेव्हाही तू असाच गप्प बसलास. अडवलं असतंस तर आज असती."

हे खोटं आहे. तिला जायला मीच सांगितलं होतं. इथे काय ठेवलंय म्हणून मीच तिच्या मागे लागले होते. त्याने मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. संध्याकाळी मी अंडी तळून ताट पुढे ठेवलं, आमच्यात माफी अशीच मागतात. त्याने खाल्लं.

२१ एप्रिल, शनिवार

दाखला आणला. निकानोरच्या भरवशावर राहिले असते तर पुढच्या वर्षी मिळाला असता. आज पाऊस आहे, उद्या गुडघा दुखतोय, परवा "कागदाची एवढी काय घाई, आल्यावर देर्लिस बघेल." काल शेवटी मी पिशवी घेऊन निघाले तर फाटकापर्यंत मागे आला. म्हणाला, "तू नको जाऊस. मी जातो. हा कागद तू नको आणूस, सेफे." म्हाताऱ्याला माझी काळजी वाटते, दुसरं काय. मी म्हटलं, "तू चुकीच्या बसमध्ये बसशील," आणि गेले.

तालुक्याला नोंदणी कचेरीत तीन तास. कारकुनाने जाडजूड वही काढून पान उघडलं. सुनिल्दाची नोंद. खबर देणार म्हणून खाली माझीच सही. वेळ पहाटे पाच दहा, तीही मीच सांगितलेली. शेकडो बाळांच्या जन्माची वेळ मी घड्याळ बघून लिहिली, तीच सवय. त्या क्षणीसुद्धा मी घड्याळ बघितलं होतं. कारकून म्हणाला, "बाई, पाणी देऊ का?" मी म्हटलं, शिक्का मार.

मग आज राजधानी. या खिडकीतून त्या खिडकीत, शनिवार असल्यामुळे अर्ध्या खिडक्या बंद. एका पोराने दया येऊन बंद झालेल्या खिडकीतूनच कागद आत घेतला. पाय सुजून भोपळा झालेत, पण चारही शिक्के आहेत. परतीच्या बसमध्ये पाकीट छातीशी धरून बसले होते. शेजारच्या बाईने विचारलं, काय आहे एवढं? मी म्हटलं, माझ्या नातीचे कागद, ती आमच्याकडे राहायला येतेय.

२८ एप्रिल, शनिवार

खाट अजून झालेली नाही. महिन्यापूर्वी मोठ्या तोऱ्यात फळ्या आणल्या होत्या, चार पाय तासून ठेवलेत, आणि पुढे काही नाही. विचारलं तर म्हणतो लाकूड अजून ओलं आहे. साठ वर्षांपूर्वी तोडलेल्या झाडाचं लाकूड ओलं! निवृत्त झाल्यापासून तसा तो आळशीच झालाय, सकाळी तेरेरे, दुपारी झोप, संध्याकाळी पत्ते. पण पोरीच्या खाटेसाठी आळस करेल असं वाटलं नव्हतं. मी ब्रिहिदाकडून घडीची खाट मागून आणली. आणताना तो मधे आला आणि माझ्या हातातून घेऊन स्वतःच वाहून आणली. डोळे लाल दिसले. चुन्याने झाले असतील, पण चुना लावून तर महिना झाला.

मुरंब्याच्या अकरा बाटल्या झाल्या. झगा इस्त्री करून सुनिल्दाच्या कपाटात टांगलाय. क्रूसावर घालायचा नवा शेला भरतेय, लेस पूर्ण व्हायची आहे.

२ मे, बुधवार

आली.

बसमधून आधी देर्लिस उतरला, बारीक झालाय. मग त्याचा हात धरून ती. मी ठरवलं होतं रडायचं नाही. कपाळ सुनिल्दाचं, चालणंसुद्धा तिचंच, पाय जरा आत टाकत. समोर येऊन तिने बापाकडे बघितलं, मग दोन्ही हात जोडून आशीर्वाद मागितला, अगदी आपल्याकडच्या रीतीने. बसमध्ये तालीम केली होती म्हणे. मी तिच्या डोक्यावर क्रूसाची खूण केली, आणि मग रडले. ठरवलेलं असं किती टिकणार?

निकानोर तिला कोंबड्या दाखवायला घेऊन गेला. पंधरा मिनिटांत ती त्याच्या खांद्यावर बसलेली. त्याची शीळ ऐकू आली, तीन आठवड्यांनी.

वेणी छान घातली होती. मी विचारलं, कुणी घातली? म्हणाली, "मारिएलाने." मी देर्लिसकडे पाहिलं. तो बुटाची नाडी बांधायला खाली वाकला. बुटाला नाडी नव्हती.

म्हणजे ती घरमालकीण नव्हती. काय बोलणार? तो एकतीस वर्षांचा आहे. माझ्या लेकीने त्याला आयुष्यभरासाठी बांधून ठेवलेलं नाही, हे मला कळतं. पण कळून काही कमी होत नाही. गिळलं आणि ताटं वाढली. पोरगी इथे राहणार असेल तर त्याने तिकडे दहा मारिएला ठेवाव्यात.

ती माझ्या खोलीत झोपेल असं मी ठरवलं होतं. पण ती बापाचा दंड सोडेना, त्याच्या शर्टाची बाही मुठीत धरूनच झोपली. हळूहळू सवय होईल.

३ मे, गुरुवार

भराभर लिहितेय, अक्षर लागलं नाही तर नाही. सूर्य आत्ताच मावळलाय, बाहेर पोरं अजून मांडवाखाली चिपाचे पाव मागत फिरतायत.

सकाळी सगळे कब्रस्तानात गेलो. सुनिल्दाच्या क्रूसावर नवा शेला घातला. घरी येऊन अंगणात लॉरेलच्या फांद्यांचा मांडव बांधला, शेंगदाण्यांच्या माळा आणि चिपाचे पक्षी टांगले. रोसिओने एक पक्षी स्वतः वळला होता, बदकासारखा झाला. तो मी सगळ्यांत वर टांगला. फार सुखाचा दिवस होता, दुपारपर्यंत.

दुपारी ब्रिहिदा आली. पोरीची हनुवटी धरून म्हणाली, "आता काय, तू आमचीच. निमियाबरोबर शाळेत जायचं, बरं का. आजीने झगापण शिवलाय."  रोसिओ वर टांगलेल्या बदकाकडे बघत उभी राहिली. देर्लिस पांढराफटक पडला.

ब्रिहिदा गेल्यावर त्याने मला स्वयंपाकघरात बसवलं. म्हणाला, "आई, मी तिला ठेवायला नाही आलो. तिला भेटवायला आलोय. ती माझ्याबरोबर येतेय, आम्ही तिघं जातोय. त्यासाठीच तो दाखला. तो नसेल तर तिला सीमेवरच अडवतात."

मी म्हटलं, "स्पेनला पोरं कोण नेतं? सगळे इथे ठेवतात."

"माहीत आहे."

"तू दिवसभर बांधकामावर. तिला कोण बघणार? ती वेण्या घालणारी?"

"हो. मारिएला बघेल, मीही बघेन. नाही जमलं तर परत येऊ. पण मी तिला मागे ठेवून नाही जाणार, आई. ब्रिहिदाबाईंच्या पोरी बघितल्यात मी."

"काय झालंय त्यांना? खाऊनपिऊन धडधाकट आहेत."

 मग मी निकानोरकडे वळले, तो दारात उभा होता. त्याचा चेहरा बघितला आणि सगळं लख्ख कळलं. ते बिघडलेलं पोट आणि ओलं लाकूड. "हा कागद तू नको आणूस."

"तुला माहीत होतं," मी म्हटलं.

"दहा तारखेपासून," तो म्हणाला. पहिल्यांदाच इतक्या हळू बोलला.

मग मी ओरडले. काय ओरडले ते सगळ्या गल्लीने ऐकलंय. पोरगी इथेच राहील म्हणाले, हे तिच्या आईचं घर आहे म्हणाले. एकदा माझ्या नऊ दिवसांच्या रडण्याचा फायदा घेऊन नेलीस, आता नेऊन दाखव. दाखला माझ्याकडे आहे आणि तो मी देणार नाही.

नाही देणार. त्यांची राजदूतकचेरीतली तारीख सोमवारी आहे, तोवर दुसरा दाखला निघत नाही. मी खिडक्या बघितल्यात. पाकीट मी पिठाच्या डब्यात ठेवलंय आणि डबा माझ्या उशाशी आहे. पस्तीस वर्षं मी दुसऱ्यांची लेकरं त्यांच्या हातात दिली. माझी एक मेली आणि एक राहिलीय, ती मी देणार नाही. पापी म्हणा, स्वार्थी म्हणा. मी इथे लिहून ठेवतेय, म्हणजे उद्या माझाच जीव मऊ पडला तर वाचता येईल.

४ मे, शुक्रवार

दिला.

उजाडल्यावर उठले तर मागच्या अंगणात पाण्याचा आवाज. रोसिओ टाकीपाशी उभी होती, थंडगार पाण्यात कोपरापर्यंत हात घालून चादर धूत होती. फ्रॉक पुढून ओला. एवढीशी पोर, आणि चादर तिच्याहून मोठी.

मला बघून घाबरली. म्हणाली, "आजी, मी रोज नाही करत. आजच झालं. आता नाही होणार."

मी म्हटलं, "होतं गं, त्यात काय. आण इकडे."

तिने चादर सोडली नाही. म्हणाली, "मी शहाण्यासारखी वागले तर बाबा मला घेऊन जातील का?"

"तुला ठेवून जाणार असं कोण म्हणालं?"

"तूच. काल, ओरडून."

मी टाकीच्या कडेला बसले.  तिला म्हटलं, बाळा, इथे काय वाईट आहे, कोंबड्या आहेत, आजोबा आहेत, मी आहे. तिने सगळं ऐकून घेतलं. बापाने शिकवलंय तिला, मोठ्यांचं ऐकून घ्यायचं. मग म्हणाली, "आईलापण आम्ही इथेच ठेवून गेलो होतो."

एवढंच म्हणाली. रडलीबिडली नाही. पुन्हा चादर चोळायला लागली.

 तिच्या डोक्यात हे घर म्हणजे ती जागा, जिथे माणसं ठेवतात आणि मग ती परत मिळत नाहीत. रात्रभर शर्टाची बाही का धरते ते कळलं. आणि मी तिच्यासाठी इथे चुना लावत होते.

आत गेले, डब्यात हात घातला. देर्लिस चुलीपाशी बसला होता, तोही झोपलेला नव्हता. पिठाने भरलेलं पाकीट त्याच्या हातात दिलं. तो उठला, काही बोलायला गेला. मी म्हटलं, "बोलू नकोस. तिचे कपडे बदल, ओली आहे ती."

मग अंगणात जाऊन तिला सांगितलं, "बाबांबरोबर जायचंय तुला. आजी चुकीचं ओरडली." तिने माझ्याकडे नीट बघितलं, खरं बोलतेय का ते बघत. मग दोन्ही ओले हात माझ्या गळ्यात टाकले. आल्यापासून पहिल्यांदाच. तिला घेऊन जाणार म्हटल्यावर तिला आजी आवडली. मी तिला घट्ट धरलं, आणि त्या वेळी मला वाटलं, आता सोडू नये, अजूनही वेळ आहे, कागद परत मागावा. वाटलं ते लिहिलं. सोडलं.

५ मे, शनिवार

सकाळच्या बसने गेली. मुरंब्याच्या सहा बाटल्या दिल्या, जास्त नेता येत नाहीत म्हणाला. खिडकीतून हात हलवत होती, हसत होती. इतकं हसताना तीन दिवसांत तिला पाहिलं नव्हतं.

लिहायला काही नाही.

१९ मे, शनिवार

ब्रिहिदा चौकशी करते, मुख्याध्यापिका चौकशी करते, चिपा विकणारीसुद्धा करते. सगळ्यांना सांगते, हो, बापाबरोबर गेली. सगळ्या जणी हळहळतात आणि देर्लिसला नावं ठेवतात. मी मान हलवत नाही, पण त्यांना अडवतही नाही.

निकानोरशी पंधरा दिवस बोलले नव्हते. आज दुपारी आम्ही दोघं मंदारिन संत्री सोलत बसलो होतो, झाड लगडलंय यंदा, खायला कोणी नाही. मी म्हटलं, "का नाही सांगितलंस?"

त्याने हातातल्या फळाचं साल काढून टाकलं. म्हणाला, "देर्लिसने मला सांगायला सांगितलं होतं. त्याचा दोष नाही. मी दोनदा तुझ्यापाशी आलो. एकदा तू झगा बेतत होतीस. एकदा मुरंबा ढवळत होतीस, आणि गुणगुणत होतीस. सुनिल्दा गेल्यापासून तू गुणगुणली नव्हतीस, सेफे. मला वाटलं, अजून एक दिवस राहू दे. मग रोज तेच वाटलं."

मला त्याचा राग यायला हवा होता. आला नाही. हा माणूस तीन आठवडे एकटा जागा होता, आणि मी त्याला आळशी म्हणून लिहून ठेवलंय, मागच्या पानांवर आहे. मी त्याला सांगितलं, सुनिल्दाला जायला मी लावलं होतं, तू नाही. तो म्हणाला, माहीत आहे. मग आम्ही दोघंही रडलो, दोन म्हातारी, हातांना मंदारिनचा वास, आणि डोळे पुसताना तो रस डोळ्यांत गेला. त्यावर तो हसला. मला हसू आलं नाही, पण बरं वाटलं.

१६ जून, शनिवार

दवाखान्यातली नवी नर्स रजेवर गेलीय. सकाळी मला बोलवायला आले, सुताराच्या लेकीच्या, फातिमाच्या कळा सुरू झाल्या होत्या. गेले. हात विसरलेले नाहीत. मुलगी झाली, तीन किलो दोनशे, रडायला जरा उशीर केला आणि मग सगळा दवाखाना डोक्यावर घेतला.

पोरीला पुसून फातिमाच्या छातीवर ठेवली. एकोणीस वर्षांची आहे फातिमा, बाळाचा बाप पळालाय. तिची आई दारातच होती, मोठ्या तोऱ्यात म्हणाली, "ऑगस्टमध्ये ही माद्रिदला जाईल, तिच्या मामीकडे. काम ठरलंय. पोरीला मी बघेन, पाळणापण आणलाय." तिचा चेहरा असा उजळला होता की माझ्याच्याने बघवेना. मला ठाऊक आहे तो उजेड, एप्रिलभर तो माझ्या तोंडावर होता.

फातिमा बाळाकडे बघत होती. बाळाने तिचं बोट धरलं होतं.

मी हात धुतले, पुसले. निघायचं होतं. पण निघाले नाही. खाटेशी गेले आणि तिला म्हटलं, "जाशील तेव्हा हिला घेऊन जा."

तिला वाटलं मी थट्टा करतेय. "तिकडे कसं जमेल, सेफेबाई?"

"कठीणच जाईल. तरी घेऊन जा."

"आणि आई? आई एकटी पडेल."

तिची आई दारात उभी राहून सगळं ऐकत होती. तिच्याकडे वळून बघायची माझी हिंमत झाली नाही.

"पडेल," मी म्हटलं. "तू हिला घेऊन जा."